आधी काऊल काढा, मग फेंडर बदलायचं का ते बोलू!

पोस्ट मोठी आहे. ज्यांच्याकडे चारचाकी आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचाच, पुढच्या पोच्याला तुमचे दहा हजार तरी वाचतील. ज्यांच्याकडे नाही त्यांनीही वाचा, कारण विषय नुसता गाडीचा नाही. मी इंजिनियर नाही की इन्शुरन्सवाला नाही. चिखलीत शेती औजारांचं छोटं दुकान आहे. नट-बोल्ट आणि पान्यांत आयुष्य गेलं, एवढाच माझा अधिकार.

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले असतील. आईचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा बुलढाण्याला असतं. त्या दिवशी उशीर झाला आणि परत येताना अंधार पडला. हरभऱ्याच्या वावरातून रोही असं निघालं की ब्रेकवर पाय गेला तेव्हा ते बोनेटवरच होतं. गाडीच्या डाव्या कोपऱ्याला धडकलं, उठलं आणि पळून गेलं. आईला खरचटलंही नाही, ही देवाची कृपा. गाडीचं म्हणाल तर डाव्या फेंडरला (आपण मडगार्ड म्हणतो ते) काचेच्या बाजूला ओंजळीएवढा पोचा, बोनेटचा मागचा डावा कोपरा दबलेला, आणि वायपरखालची काळी प्लास्टिकची पट्टी एका टोकाला उचललेली. काच शाबूत, लाइट शाबूत, इंजिन चालू. गाडी चालवतच घरी आलो.

ती जी काळी पट्टी, तिचं नाव काऊल. आजची सगळी गोष्ट तिच्याभोवती आहे, म्हणून आधी ती समजून घ्या. बोनेट जिथं संपतं आणि पुढची काच जिथं सुरू होते, त्या फटीवर हे झाकण असतं. काचेवरून ओघळलेलं पावसाचं पाणी तिथून दोन्ही बाजूंना जातं आणि फेंडरच्या आतल्या अंगाने खाली पडतं. एसीची बाहेरची हवा तिथूनच आत येते. वायपरची मोटर आणि दांड्या तिच्याखाली असतात. आणि बहुतेक गाड्यांत फेंडरचा एक बोल्ट आणि बोनेटच्या बिजागरीची जागा या झाकणाच्या टोकाखाली लपलेली असते. म्हणजे काचेजवळच्या कोपऱ्यात मार बसला, तर आत काय झालं हे बघायचा दरवाजा म्हणजे काऊल. तो न उघडता जो कोणी तुम्हाला खर्च सांगतो तो अंदाज सांगतो, आणि त्या अंदाजाचे पैसे तुम्ही भरता.

आता ऐका, मला तीन ठिकाणी काय सांगितलं ते.

पहिलं ठिकाण. दुसऱ्या जिल्ह्यातल्या शहरातलं कंपनीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर. नाव घेत नाही, कारण भांडण एका दुकानाशी नाही. एसी वेटिंग रूम, कॉफी, हातात टॅब घेतलेला तरुण. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली, आठ-दहा फोटो काढले आणि दहा मिनिटांत एस्टिमेट दिलं. फेंडर नवा, बोनेट नवं, दोन्ही बिजागऱ्या नव्या, काऊल नवा, वायपरच्या दांड्यांचा अख्खा संच नवा, आतलं लायनर नवं, रंगकाम, मजुरी. एकूण ४४ हजार. वेळ १२ दिवस, पार्ट आले तर.

मी विचारलं, "काऊल काढून आत पाहिलं का?"

"गरज नाही सर, बाहेरून डॅमेज दिसतंय."

"मग वायपरचा संच खराब झाला हे कसं कळलं? वायपर तर चालू आहेत."

"सर, सेफ्टीसाठी. आणि तुमचं काय जातं? इन्शुरन्स आहे ना!"

हे वाक्य लक्षात ठेवा. याच्यावरच खाली येणार आहे.

दुसरं ठिकाण. इथलाच रस्त्यावरचा एक डेंटर. तो म्हणाला, "भाऊ, संध्याकाळी घेऊन जा, साडेतीन हजार." मी म्हटलं काऊल काढशील ना? म्हणे, "ते काहून काढा लागते? प्लास्टिक तुटते, डोक्याला ताप. बाहेरून वॉशर चिकटवून ओढतो, वरून पुट्टी मारतो, रंग मारतो. चकाचक." पाठीमागून हात न घालता, पत्र्याला बाहेरून वॉशर वेल्ड करून ओढायचं, राहिलेला खड्डा पुट्टीने भरायचा. ज्या जागी वेल्डिंगची आच बसते तिथं पत्र्याच्या आतल्या बाजूचा रंग जळतो. तिथं कोणी ब्रश फिरवत नाही, कारण तिथं हात पोचतच नाही. दोन पावसाळे गेले की आतून गंज, वरून पुट्टीला चीर. मग पुन्हा त्याच्याकडेच.

तिसरं ठिकाण. एका ट्रकवाल्या मित्राने सांगितलं म्हणून घाट उतरून खामगावला एका जुन्या मिस्त्रीकडे गेलो. पत्र्याचं शेड, वय साठीच्या पुढचं, हातात डॉली आणि हातोडी. सगळे त्यांना चाचा म्हणतात, मीही म्हटलं. चाचांनी पोच्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "भाऊ, हे प्लास्टिक काढल्याबिगर मी एक रुपया सांगणार नाई. शर्ट न काढता डाक्टर छातीचं आपरेशन सांगते का?"

आणि त्यांनी काऊल काढायला घेतला. मी शेजारी उभा राहून सगळं पाहिलं. मुद्दाम लिहितो, म्हणजे तुमच्या गाडीचा काऊल कोणी काढत असेल तेव्हा नीट काढतोय का हे तुम्हाला कळेल.

आधी बॅटरीची निगेटिव्ह तार सोडली, म्हणजे हात आत असताना वायपर फिरायला नको. वायपर जिथं थांबले होते तिथं काचेवर चिकटपट्टीच्या खुणा केल्या, म्हणजे परत बसवताना कोन चुकणार नाही. टोपणं उचलून नट सैल केले, पण पूर्ण काढले नाहीत. वायपरची दांडी दातेरी शाफ्टवर घट्ट बसलेली असते. तिथं घाईने स्क्रूड्रायव्हर घालून काचेवर जोर दिला की काच गेली, कारण काच मधे दणकट आणि कडेला नाजूक. चाचांनी दांडी हलकेच दोन्ही बाजूंना हलवून सैल केली. दुसरी बधेना, तिला छोटा पुलर लावला. मग बोनेटच्या मागची रबर पट्टी काढली. मग क्लिपा: आधी मधली पिन उचलायची, मग क्लिप बाहेर येते. पिन न उचलता पक्कडीने ओढली की तुटलीच. पाण्याच्या पिचकारीची नळी सोडली. सहा उन्हाळे खाल्लेलं प्लास्टिक कडक झालेलं असतं, म्हणून गरम पाण्यात फडकं पिळून त्यावर दोन मिनिटं ठेवलं. मग काचेच्या खालच्या खाचेतून एका टोकापासून हळूहळू सोडवत नेलं. या सगळ्याला अर्धा तास लागला. हे आहे ते "डोक्याला ताप" असलेलं काम!

आत काय निघालं?

एक: वायपरच्या दांड्या, मोटर, सगळं ठणठणीत. म्हणजे नव्या संचाची काहीही गरज नव्हती.

दोन: डावी बिजागरी वाकलेली, उजवी सरळ. म्हणजे एकच बदलायची. चाचांनी ती नवीच टाकली. म्हणाले, "बिजागरी ठोकून वापरायची नाई. बोनेट चालत्या गाडीत उघडलं तर माणूस मरते." जे बदलायचं ते बदलायचंच, याबाबत त्यांच्या मनात गोंधळ नव्हता.

तीन: काऊलचा एक कान तुटलेला. तो त्यांनी प्लास्टिक वेल्डिंगने जोडला, क्लिपा नव्या टाकल्या.

चार, आणि हे ऐकून हसू नका: पाणी जायच्या तोंडाशी कडुलिंबाचा पाला कुजून घट्ट बसलेला. दोन पावसाळे माझ्या गाडीत डाव्या सीटखालचं मॅट ओलं होत होतं आणि एसी लावला की कुबट वास यायचा. त्यासाठी मी दोनदा एसी क्लीनिंगचे पैसे मोजले होते. कुणीही काऊल उचलून पाहिला नव्हता.

फेंडर वेल्डिंगचा नसतो, बोल्टचा असतो. बोनेटखाली ओळीने बोल्ट, दार उघडल्यावर दिसणारा एक, खाली उंबऱ्याजवळ एक, बंपरच्या कडेला एक, आणि तो काऊलखाली लपलेला एक. काऊल निघाला की फेंडर हातात येतो. मग तो टेबलावर ठेवून पाठीमागून डॉली लावून सरळ करता येतो. चाचांनी तसाच केला. पुट्टी वापरली, पण कागदासारखी पातळ. आतून प्रायमर मारला. बोनेटचा कोपरा तसाच आतून उचलला. रंग मिळवून मारला. सगळं बसवल्यावर काचेवर बादलीभर पाणी ओतलं आणि मला वाकून बघायला लावलं, की पाणी दोन्ही बाजूंनी खाली पडतंय का.

एकूण ७ हजार ८०० रुपये. दीड दिवस. आईची डायलिसिसची एकही फेरी चुकली नाही. १२ दिवस गाडी शहरात अडकली असती तर तीन-चार फेऱ्यांना भाड्याची गाडी करावी लागली असती, आणि ज्याच्या घरी असा पेशंट आहे त्याला मी काय म्हणतोय हे कळेल.

आता येतो त्या वाक्यावर. "तुमचं काय जातं? इन्शुरन्स आहे ना!"

काय जातं ते कागदावर मांडू. पॉलिसी काढा आणि घसाऱ्याचा तक्ता वाचा. साध्या पॅकेज पॉलिसीत नवीन पार्ट टाकला की कंपनी पूर्ण पैसे देत नाही. प्लास्टिक, रबर, नायलॉनच्या पार्टवर ५० टक्के कापते. लोखंडी पार्टवर गाडीच्या वयाप्रमाणे कापते: ५ ते १० वर्षांच्या गाडीला ४० टक्के. रंगाच्या एकत्रित बिलात २५ टक्के रक्कम सामान धरतात आणि त्याच्या निम्मे कापतात. वर १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १ हजार रुपये सक्तीची वजावट. आणि हे नीट वाचा: घसारा सामानावर लागतो, मजुरीवर लागत नाही. म्हणजे पार्ट बदलला की तुमच्या खिशातून जातं, आणि तोच पार्ट ठोकून सरळ केला तर मजुरीवर घसारा नाही!

माझं ४४ हजारांचं एस्टिमेट घ्या. गाडी सहा वर्षांची. लोखंडी पार्ट २२ हजार ५००, त्याचे ४० टक्के म्हणजे ९ हजार माझे. प्लास्टिक-रबर ५ हजार, त्यातले अडीच हजार माझे. रंग १० हजार, त्यात १ हजार २५० माझे. वर १ हजार वजावट. मजुरी ६ हजार ५००, त्यात माझं काही नाही. बेरीज १३ हजार ७५०.

थांबा, अजून संपलं नाही. पाच वर्षं क्लेम केला नाही म्हणून मला ५० टक्के नो क्लेम बोनस होता. एक क्लेम टाकला की तो शून्य. माझा ओन डॅमेजचा मूळ हप्ता साधारण ९ हजार, म्हणजे पुढच्या वर्षी साडेचार हजार जास्त. त्यानंतर पुन्हा २०, २५, ३५, ४५ असं चढत ५० वर यायला वर्षं जाणार. पहिल्याच वर्षाचा हिशेब धरला तरी १८ हजार २५० रुपये. "फुकटात" होणारं काम १८ हजारांना आणि खिशातून केलेलं काम ७ हजार ८०० ला!

कोणी म्हणेल, माझी झिरो डेप पॉलिसी आहे. छान. तुमचा घसारा वाचेल, पण त्या कव्हरचा जास्तीचा हप्ता तुम्ही आधीच भरलाय, आणि वेगळं बोनस प्रोटेक्शन घेतलं नसेल तर बोनस जातोच. शिवाय झिरो डेपचे क्लेम वर्षाला किती, यावर बऱ्याच कंपन्यांची मर्यादा असते. तो मोठ्या अपघातासाठी जपून ठेवायचा, की ओंजळीएवढ्या पोच्यासाठी उडवायचा?

मी त्या टॅबवाल्या पोराला दोष देत नाही. त्याला पगार आहे, वर साहेब आहे. दोष त्या व्यवस्थेचा आहे जिथं पार्ट विकणं हा धंदा झाला आणि दुरुस्ती हा अडथळा. डॉली-हातोडीने पत्रा सरळ करायला कसलेला हात लागतो, वेळ लागतो. पार्ट बदलायला पाना पुरतो. मग कोण ठोकत बसेल?

आणि हे काही मी एकटाच म्हणत नाही. २०११ मध्ये एका ग्राहकाने भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली की कार कंपन्या अस्सल पार्ट आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजला मिळू देत नाहीत. चौकशी वाढत गेली आणि २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून २ हजार ५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. पार्ट बाजारात मिळू द्या, स्वतंत्र गॅरेजला माहिती आणि तपासणीची साधनं मिळू द्या, आणि बाहेर दुरुस्ती केली एवढ्या कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नका, असं त्या आदेशात आहे. पुढे अपिलं झाली, कोर्टकचेरी झाली. पण दहा वर्षांहून जास्त काळ गेला आणि आजही चाचांकडे माझ्या गाडीच्या मॉडेलचं एक पानसुद्धा अधिकृत माहिती नाही. कुठला बोल्ट कुठं आहे हे ते हाताने चाचपून शोधतात.

२४ डिसेंबर २०२२ ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'राईट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. शेती अवजारं, मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं घेतली. चांगलं केलं. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. कंपनीला वाटलं तर माहिती टाकेल, नाही वाटलं तर कस्टमर केअरचा नंबर टाकून मोकळी होईल.

आता आपल्या बाजूच्या लोकांचे कान धरतो, नाहीतर म्हणाल हा नुसता शोरूमवर घसरतो.

डेंटर बंधूंनो, तुमच्यातले निम्मे लोक काऊल काढत नाहीत, लायनर काढत नाहीत, आतून प्रायमर मारत नाहीत. बिल मागितलं की "बिल कशाला, जीएसटी लागेल" म्हणता. मग इन्शुरन्सवाल्याने तुमचं बिल का मानावं? गिऱ्हाईक रिइम्बर्समेंटचा क्लेम टाकू शकतं, तुमच्याकडे काम करून पैसे परत मागू शकतं, पण हातात कागद पाहिजे ना! शोरूम तुमचं गिऱ्हाईक पळवते म्हणून ओरडता, आणि ते पळायला तुम्हीच दार उघडून देता. पुट्टीने भरलेला फेंडर म्हणजे आपल्याकडच्या रस्त्याचं पॅचवर्क. पहिल्या पावसापर्यंत दिसतं छान.

आणि आपण गिऱ्हाईक? आपल्याला संध्याकाळपर्यंत पाहिजे, स्वस्तात पाहिजे, आणि वरून चमकलं की झालं. चाचांना मी विचारलं, "सगळेच असं आतून का करत नाहीत?" ते म्हणाले, "भाऊ, मी दीड दिवस सांगतो तं लोक निघून जाते. पुट्टीवाला दोन तास सांगते. पोटाले काय खाऊ?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. शोरूममध्ये १२ दिवस निमूट थांबणारा माणूस चाचांना दीड दिवस देत नाही. तिथं ४४ हजारांवर सही करणारा इथं ७ हजार ८०० मधले तीनशे कमी करायला हुज्जत घालतो. मीही घातली. आज लाज वाटते म्हणून लिहितो.

चाचांचा मुलगा या धंद्यात नाही. पुण्याला कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर आहे. चाचांनंतर ते शेड बंद. घाटावर-घाटाखाली मिळून आपल्या तेरा तालुक्यांत असे कसलेले किती हात उरलेत, मोजा. पोरं का शिकत नाहीत? कारण या कामाला नाव नाही, कागद नाही, इज्जत नाही. 'मेकॅनिक ऑटो बॉडी रिपेअर' आणि 'मेकॅनिक ऑटो बॉडी पेंटिंग' हे दोन्ही एक वर्षाचे ट्रेड आयटीआयच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात आहेत. तुमच्या तालुक्याच्या आयटीआयमध्ये जाऊन विचारा, ते शिकवतात का आणि किती जागा आहेत. नसतील तर आमदारांना विचारा का नाहीत. १७ सप्टेंबर २०२३ ला पीएम विश्वकर्मा योजना आली. १५ हजारांची टूलकिट, ५ टक्के व्याजाने ३ लाखांपर्यंत कर्ज, ओळखपत्र. १८ व्यवसायांच्या यादीत लोहार आहे, हातोडी आणि अवजारं बनवणारा आहे, कुलूपवाला आहे. ते असायलाच पाहिजेत. पण तीच हातोडी घेऊन आयुष्यभर पत्रा ठोकणारा डेंटर त्यात नाही! डॉली-हातोडीचं काम हे हाताचं कसब नाही तर मग काय आहे?

आणि आपला जिल्हा असा की जिल्ह्याच्या गावाला रेल्वे नाही. खामगाव-जालना रेल्वेची वाट आजोबांनी पाहिली, आपण पाहतोय. दवाखाना, लग्न, कोर्ट, सगळं रस्त्याने. रस्त्यावर रोही, रानडुक्कर, खड्डे. वरून कधी गारपीट. गाडी इथं चैन नाही, गरज आहे, आणि बरीचशी कर्जावर आहे. अशा माणसाला १२ दिवस आणि १८ हजार हे परवडत नाही. ज्यांना परवडतं त्यांनी खुशाल नवा फेंडर टाकावा, माझा आक्षेप नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो, नाहीतर कोणीतरी अर्धं वाचून भलतंच करेल. मी हे बोल्टने बसवलेल्या बाहेरच्या पत्र्याबद्दल बोलतोय. काचेच्या बाजूचा खांब, चेसिसचा दांडा, चाक जिथं बसतं तो आतला भाग, यातलं काही वाकलं असेल, एअरबॅग उघडली असेल, किंवा पुढच्या काचेमागे कॅमेरा असलेली नवी गाडी असेल, तर हातोडीचा हट्ट करू नका. तिथं मोजमाप करणारी यंत्रं लागतात, खर्च करा, क्लेम टाका, इन्शुरन्स त्यासाठीच आहे. पण हे वाकलं की नाही, हे ठरवायलासुद्धा आधी काऊल काढावाच लागतो ना! माझं म्हणणं तेवढंच आहे.

तर पुढच्या वेळी पोचा पडला की हे करा:

१. एस्टिमेटवर सही करण्याआधी विचारा: काऊल आणि लायनर काढून आत पाहिलं का? नसेल तर आधी काढा, मला दाखवा, फोटो द्या.

२. प्रत्येक पार्टपुढे लिहून मागा: बदलायचा की दुरुस्त करायचा, आणि बदलायचा तर का.

३. पॉलिसीतला घसाऱ्याचा तक्ता आणि तुमचा बोनस समोर ठेवून बेरीज करा. क्लेमचा खर्च आणि खिशातला खर्च दोन्ही मांडा. मग ठरवा.

४. बाहेर काम केलं तर पक्कं बिल घ्या, आधीचे-नंतरचे फोटो ठेवा. काढलेला जुना पार्ट मागून घ्या. क्लेम टाकायचा असेल तर इन्शुरन्स कंपनीला आधी कळवा, सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत गाडी खोलू नका.

५. काम झाल्यावर काचेवर पाणी ओतून बघा. वायपर पूर्ण फिरवून बघा. फेंडरला कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक लावून बघा. पुट्टी जाड असेल तर तिथं ते नीट धरत नाही.

६. फसवणूक झाली असं वाटलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यानेही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे.

आणि सत्तेत असलेल्या, नसलेल्या सगळ्यांकडे तीन मागण्या. दुरुस्तीच्या हक्काचा कायदा करा, नुसतं पोर्टल नको. विश्वकर्माच्या यादीत डेंटर-पेंटर घाला. आणि तालुक्याच्या आयटीआयमध्ये हे दोन ट्रेड सुरू करून चाचांसारख्या माणसांना मानधनावर शिकवायला बोलवा. डिग्री नाही म्हणून त्यांना दारात उभं करू नका. आणि रंग मारताना वापरायचा चांगला मास्क त्या टूलकिटमध्ये पहिला टाका. टू-के रंगाचा फवारा दम्याचं कारण होऊ शकतो, आणि आमचे लोक तोंडाला गमछा बांधून तो मारतात.

गाडी परत घ्यायला गेलो तेव्हा चाचांनी एका पिशवीत वाकलेली बिजागरी, तुटक्या क्लिपा आणि तो कुजलेला पाला भरून दिला. म्हणाले, "बिजागरी घरी ठेवा, पाला झाडाले टाका. आणि पावसाळ्याच्या आधी एकदा काऊल उचलून साफ करून घ्या. मी नसलो तं दुसऱ्याकडून घ्या, पण काढायला लावा."

बिजागरी दुकानाच्या काउंटरवर ठेवली आहे. कोणाला बघायची असेल त्याने यावं. चहा माझ्याकडून.